५,२४,२८७ मूळ आहे का? चिंचोक्यांच्या पटावरच्या नोंदी

शनिवार, ३ मे, विश्रामबाग, सांगली

काम असं: २ चा १९ वा घात वजा १, म्हणजे ५,२४,२८७, ही संख्या मूळ आहे हे हातानं तपासायचं. कॉम्प्युटर नाही, मोठे भागाकार नाहीत. पद्धत एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाची. त्यांनी १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात वजा १ मूळ असल्याचं दाखवलं. ती संख्या ३९ अंकी आहे:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

१२७ × १२७ घरांचा पट घेऊन त्यावर सोंगट्या सरकवत हे गणित करता येतं, हेही त्यांचंच. आमच्याकडे तेवढी जमीन नाही, म्हणून १९.

मंडळी: मी, भाचा ओंकार (इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपलंय), भाची मृण्मयी (आठवीत जाईल) आणि सासरे अण्णा. अण्णा साखर कारखान्याच्या अकाउंट्समधून निवृत्त झाले. हिशेब तपासण्याचं काम त्यांनी न विचारताच घेतलं.

नियम: ४ पासून सुरुवात. दर पायरीला हातातल्या संख्येचा वर्ग करायचा, २ वजा करायचे, ५,२४,२८७ नं भागल्यावर उरेल ती बाकी पुढे न्यायची. घात १९, म्हणून पायऱ्या १७. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर नाही. (ल्युकांनी १२७ साठी सुरुवात ३ नं केली होती. ४ नं सुरू होणारं, कुठल्याही विषम मूळ घाताला चालणारं रूप नंतर डी. एच. लेमर यांनी दिलं.) हे का चालतं ते इथं लिहीत नाही, पुस्तकांत आहे. कसं करायचं ते मात्र कुठं नीट सापडलं नाही, म्हणून ही वही.

भागाकार टळतो तो पटामुळे. घरांना उजवीकडून ० ते १८ क्रमांक. किमती १, २, ४, ८ अशा दुपटीनं, १८ व्या घराची २,६२,१४४. त्याच्या डावीकडे आणखी घर असतं तर त्याची किंमत ५,२४,२८८ झाली असती. ती आपल्या संख्येपेक्षा फक्त एकनं जास्त, म्हणजे बाकी १. आणि १ किमतीचं घर आपल्याकडे आहेच, अगदी उजवीकडचं. म्हणून डावीकडून बाहेर पडणारा चिंचोका उजवीकडून आत घ्यायचा. ५,२४,२८७ नं भागणं एवढ्यात आटोपतं.

सामान: चिंचोके तासगावच्या आत्याबाईंकडून आणले. चिंच फोडून झाल्यावर त्यांच्याकडे अर्धं पोतं पडून होतं. पट सध्या खडूनं, सोप्यातल्या शहाबादी फरशीवर.

रविवार, ४ मे

आधी छोट्या पटांवर सराव. हे टाळू नका.

घात ७, संख्या १२७: ४, १४, ६७, ४२, १११, ०. जमलं. मृण्मयीनं टाळ्या वाजवल्या.

घात ११, संख्या २०४७: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. मृण्मयीचं म्हणणं, “मावशी, ११ तर मूळ आहे, मग आपलंच चुकलं असणार.” पुन्हा मांडलं, पुन्हा १७३६. मग अण्णांनी कॅल्क्युलेटरवर २३ गुणिले ८९ करून दाखवलं: २०४७. घात मूळ असला म्हणून संख्या मूळ असेलच असं नाही. असा नापास होणारा नमुना एकदा हातानं करून बघावाच. सगळ्यांना पास करणारी परीक्षा काय कामाची?

दुसरंही दिसलं. पटानं ‘मूळ नाही’ एवढंच सांगितलं, २३ आणि ८९ चा पत्ता दिला नाही. मोठ्या संख्यांतही असंच झालं आहे. २ चे कुठले घात वजा १ केले की मूळ संख्या येते, याची मर्सेन या फ्रेंच अभ्यासकानं १६४४ मध्ये यादी दिली होती. तीत ६७ हा घात होता. ल्युकांनी १८७६ मध्येच तो बाद ठरवला, पण अवयव कुणाकडेच नव्हते. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

फरशीचा पट रद्द. खडूच्या रेघा पायानं पुसतात, आणि शहाबादीचे सांधे रेघांसारखेच दिसत असल्यानं एक घर जास्त मोजलं जातं. ११ च्या पटावर वेळ गेला तो बहुतेक यातच.

गुरुवार, ८ मे

चार बाय चार फुटांचा फ्लेक्स छापून घेतला, ₹२४०. घर ६ सेंमीचं. फाइलमध्ये क्रमांक उजवीकडून डावीकडे होते. दुकानात कुणीतरी ते ‘सरळ’ करून डावीकडून उजवीकडे छापले. परत छापायचे पैसे नकोत म्हणून क्रमांकांवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावून पेननं लिहिले. तुम्ही करणार असाल तर फाइलवर मोठ्या अक्षरांत ‘क्रमांक उलटेच हवेत’ असं लिहा.

हातातली संख्या दाखवायला अर्धे चिंचोके केले. पाट्यावर घासून, पूर्वी पटावर फासे म्हणून वापरायचे तसे: एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी म्हणजे १, काळी म्हणजे ०. १९ लागतात. थोडे जास्त करा, घासताना काहींचे तुकडे पडतात आणि बोटंही सोलवटतात. बाकी अख्खे चिंचोके वर्गासाठी.

शनिवार, १० मे

मोठा पट सुरू. वर्ग असा: संख्येत ज्या ज्या घरात १ आहे, त्या घराच्या क्रमांकाइतकी घरं डावीकडे सरकवून ती संख्या एकेका आडव्या रांगेत मांडायची. मग प्रत्येक उभ्या ओळीतले चिंचोके खाली ‘बेरजेच्या रांगेत’ ओढायचे. एका घरात दोन झाले की ते उचलून डावीकडच्या घरात एक ठेवायचा. हातचाच तो, दहाऐवजी दोनचा.

पहिल्याच पायरीला अडलं. ४ चा वर्ग १६, म्हणजे ४ थ्या घरात एकुलता चिंचोका. वजा २ करायचे म्हणजे १ ल्या घरातून एक उचलायचा, आणि तिथं काहीच नाही. मग सुटे करायचे: ४ थ्या घरातल्या एकाचे ३ ऱ्यात दोन, त्यातल्या एकाचे २ ऱ्यात दोन, त्यातल्या एकाचे १ ल्यात दोन, त्यातला एक काढला. उरले ३, २, १ या घरांत एकेक. १४. पुढच्या दोन पायऱ्यांनाही १ लं घर रिकामंच असतं, तिथं २ ऱ्या घरातला एक सुटा केला की भागतं. ४ थ्या पायरीपासून त्या घरात पुरेसे चिंचोके येऊ लागले, आणि सुटे करायची वेळ पुन्हा आली नाही. मात्र वजा २ हातचे नेण्याआधी करायचे. हातचे नेऊन झाल्यावर ते घर पुन्हा रिकामं झालेलं असू शकतं.

१४, १९४, ३७,६३४ इथवर ठीक. ३७,६३४ ची घरं: १५, १२, ९, ८, १. पाच रांगा, पंचवीस चिंचोके. रांगा डावीकडून बाहेर पडून उजवीकडून आत येतात ते इथं पहिल्यांदा, आणि गोंधळही इथंच. १५ घरं सरकवलेला १५ म्हणजे ३०. मृण्मयीनं ३० मधून १८ वजा करून १२ व्या घरात ठेवला. पाहिजे ३० वजा १९, म्हणजे ११ वं घर. शेवटचं घर १८ वं असलं तरी घरं १९ आहेत, कारण मोजणी शून्यापासून. डोक्यात वजाबाकी करणं बंदच केलं. कागदाची ३८ घरांची लांब पट्टी कापली, तीवर संख्या लागोपाठ दोनदा लिहिली आणि पट्टी सरकवत खालच्या १९ घरांत जे दिसेल ते मांडलं. पायरीगणिक नवी पट्टी. जुन्या बिलांची पाठ चालते.

एवढं करूनही बेरीज आली २,१८,७६६.

अण्णांकडे दुकानात असतो तसला १२ अंकी कॅल्क्युलेटर आहे. ५,२४,२८६ चाही वर्ग बारा अंकांत मावतो, म्हणून १९ साठी तो पुरतो (माझा ८ अंकी ‘ई’ दाखवून बसला). त्यांनी ३७,६३४ चा वर्ग केला, १,४१,६३,१७,९५६. दोन वजा, भागिले ५,२४,२८७, उत्तर २७०१.४१७२६५७३. नुसता अपूर्णांक परत ५,२४,२८७ नं गुणला तर २,१८,७६६.९९७ असं काहीतरी. ओंकार म्हणाला, दशांश सोडा, जुळलं की! अण्णा ऐकेनात. कारखान्यात ताळेबंदात एक रुपया कमी पडला तरी ते रात्री घरी येत नसत, हे सासूबाईंकडून ऐकलंय. त्यांनी पूर्णांक २७०१ च ५,२४,२८७ नं गुणला, १,४१,६०,९९,१८७, आणि वजा केला. २,१८,७६७.

एक कमी. तो कुठं गेला? १७ व्या घराचा हातचा १८ व्यात आला, तिथं दोन झाले, त्यांचा हातचा डावीकडे जाणार, आणि तिथं फ्लेक्सची कड. ओंकारनं तो परत डब्यात टाकला होता. तो उजवीकडे ० व्या घरात हवा होता. ठेवला, जुळलं.

दोन नियम भिंतीवर लावले. १८ व्या घराचा हातचा ० व्या घरात, आणि तिथंही दोन झाले तर पुन्हा पुढे. आणि बाकी काढताना दशांशाला हात लावायचा नाही, पूर्ण भागाकार गुणून वजा करायचा.

रविवार, ११ मे

२,१८,७६७ मध्ये ११ पांढरे. म्हणजे ११ रांगा, १२१ चिंचोके. मांडायला सुरुवात केली तशी मृण्मयी वैतागली, “काळे आठच आहेत, काळेच मांडूया ना.” आधी हसलो. मग ओंकारनं वहीत लिहून पाहिलं. सगळी १९ घरं भरली की ५,२४,२८७ होतात, म्हणजे पटाच्या हिशेबात शून्य. पांढरे आणि काळे मिळून शून्य, तर काळ्यांची संख्या म्हणजे पांढऱ्यांची ऋण संख्या. ऋण संख्येचा वर्ग तोच. पोरीचं बरोबर होतं.

तेव्हापासून पांढरे दहा किंवा जास्त झाले की सगळे अर्धे चिंचोके उलटायचे. कितीही वाईट परिस्थितीत ९ रांगा आणि ८१ चिंचोके, त्यावर जात नाही. या पायरीला ६४ च लागले. पाऊण तासाची पायरी वीस मिनिटांवर आली. या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली युक्ती हीच, आणि अर्धे चिंचोके नसते तर ती सुचलीच नसती असं मला वाटतं.

दुपारी ओंकारनं खोडा घातला. त्यानं वाचलं होतं की या संख्येचा मूळ अवयव असलाच तर त्याला ३८ नं भागून बाकी १ यावी लागते आणि ८ नं भागून १ किंवा ७. वर्गमूळ ७२४ च्या आसपास. तेवढ्यात बसणाऱ्या मूळ संख्या तीनच: १९१, ४५७, ६४७. कॅल्क्युलेटरवर बाक्या १८३, १०८, २१७. झालं, ५,२४,२८७ मूळ. दोन मिनिटांचं काम. “मग आपण चिंचोके कशाला सरकवतोय?”

रास्त प्रश्न. पिएत्रो कातालदी यांनी १५८८ मध्ये हीच संख्या भागाकार करूनच मूळ ठरवली, तीही ७१९ पर्यंतच्या सगळ्या १२८ मूळ संख्यांनी भागून. १९ ला भागाकार पुरतात. पण १२७ च्या घाताचं वर्गमूळच २० अंकी आहे. तिथं कितीही चाळण्या लावा, आयुष्य पुरणार नाही. पटावर मात्र तिथंही पायऱ्या १२५ च. आम्ही १९ वर शिकतोय ते त्या १२५ साठी. ओंकारला पटलं असावं, कारण पुढची रांग त्यानंच मांडली.

५ वी पायरी: ५,१०,०६६.

शनिवार, १७ मे

सोप्यात पंखा लावला की कागदी पट्ट्या उडतात, नाही लावला तर आम्ही उकडतो. पट्ट्यांवर कपड्यांचे चिमटे.

६ वी ३,८६,३४४ (पांढरे ९, उलटायची गरज नाही). ७ वी ३,२३,१५६. ८ वी चालू असताना वळीव आला, वीज गेली, आणि वाऱ्यानं फ्लेक्सची एक बाजू उचलून सगळं एका कोपऱ्यात लोटलं. संख्येची रांग वेगळ्या ताटात होती म्हणून वाचली. पायरी पहिल्यापासून. आता संख्या ताटात, वहीत आकड्यांत आणि फोनमध्ये फोटो, हे तिन्ही झाल्याशिवाय पट पुसायचा नाही. कॉम्प्युटरवरच्या शोधातही अधूनमधून असंच साठवून ठेवतात. आज माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली. ती ४,१०,२४,३२० अंकी आहे. ल्युका-लेमर पद्धतीनं तिच्या पायऱ्या तेरा कोटींच्या वर. मध्येच वळीव आला तर पहिल्यापासून कोण करणार?

८ वी २,१८,५२६. पुन्हा ११ पांढरे, उलटून ८.

रविवार, १८ मे

फार लिहिण्यासारखं नाही. हात बसला. मी पट्टी कापते, मृण्मयी मांडते, ओंकार हातचे नेतो, अण्णा तपासतात. ९ वी ५,०४,१४०. १० वी १,०३,४६९. ११ वी ४,१७,७०६. १२ वी ३,०७,४१७.

११ वीला कॅल्क्युलेटर आणि पट जुळेनात. यावेळी पट बरोबर होता, अण्णांनी ४६९ चे ४९६ दाबले होते. सगळ्यांना फार आनंद झाला. अण्णांना नाही.

आकडे इथं मुद्दाम पूर्ण देतेय. तुमचा पट कुठं घसरला ते शोधायला याहून सोपं साधन नाही.

शनिवार, २४ मे

१३ वी ३,८२,९८९. १४ वी २,७५,८४२. १५ वी ८५,२२६: पांढरे ९, म्हणजे ८१ चिंचोके, आणि शेवटून दुसरी पायरी. इथं ओंकारनं पैज लावली: आता पांढरा एकच येईल, नाहीतर काळा एकच. भडंगाच्या पाकिटाची पैज.

मांडलं, ओढलं, १ ल्या घरातून एक काढला, हातचे नेले. उजव्या कडेनं एक हातचा पुन्हा आत आला आणि दोन घरं पुढे गेला. आलं ५,२३,२६३. पटावर १० वं घर तेवढं काळं, बाकी अठरा पांढरी.

ओंकारला हे कसं कळलं ते सरावात होतं. ७ च्या पटावर शून्याआधी १११ आले होते, म्हणजे १२७ वजा १६, तिथंही एकच घर रिकामं. १३ च्या घातावर (संख्या ८१९१) त्यानं घरी करून पाहिलं, शून्याआधी १२८, एकच घर भरलेलं. पुढच्या पायरीला शून्य यायचं तर या संख्येचा वर्ग बाकीच्या हिशेबात २ असला पाहिजे, आणि संख्या मूळ असेल तर तशा दोनच संख्या असतात, एकमेकींच्या ऋण. १९ साठी त्या १० व्या घरातला एकटा चिंचोका किंवा त्याचा उलटा पट. ५,२४,२८७ वजा १०२४ बरोबर ५,२३,२६३. म्हणजे सोळाव्या पायरीलाच निकाल कळतो.

१७ वी पायरी: उलटलं. एक पांढरा, १० व्या घरात. एक रांग, १० घरं सरकवली, २० वजा १९, १ लं घर. वजा २ म्हणजे तोच चिंचोका उचलायचा. पट रिकामा, ५,२४,२८७ मूळ. या पायरीला एक मिनिटही लागलं नाही.

भडंग मृण्मयीनं आणलं, ओंकारच्या पैशांनी. पैज त्यानं जिंकली होती, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

सोमवार, २६ मे

खर्च: फ्लेक्स ₹२४०, चिकटपट्टी आणि पेन ₹५५, कपड्यांचे चिमटे घरचे, चिंचोके फुकट. भडंग धरत नाही.

पुन्हा केलं तर: ३८ घरांची पट्टी आणि उलटायची युक्ती पहिल्या दिवसापासून. मांडणाऱ्यांनी पटाच्या एकाच बाजूला बसायचं, समोरून बघणाऱ्याला डावं-उजवं उलट दिसतं आणि तो ठामपणे चुकीचं सांगतो. किडके चिंचोके आधीच वेगळे काढायचे, ते घरात चुरा सोडतात आणि मुंग्या येतात.

पुढचा घात ३१, संख्या २,१४,७४,८३,६४७. ही ऑयलर यांनी १७७२ मध्ये मूळ ठरवली. ३१ × ३१ म्हणजे ९६१ घरं, २९ पायऱ्या, उलटून घेतलं तर जास्तीत जास्त १५ रांगा आणि २२५ चिंचोके. पट अवघड नाही. अवघड आहे ती तपासणी: वर्ग १९ अंकांपर्यंत जातो आणि अण्णांचा कॅल्क्युलेटर १२ वर थांबतो. ओंकार म्हणतो लॅपटॉपवर दोन ओळींत होतं. अण्णा संख्येचे दोन तुकडे करून कागदावर करणार आहेत. दोन्ही करून बघू.

घर साडेतीन सेंमीचं केलं तर पट चार फुटांच्या फ्लेक्सवरच बसतो, पण बेरजेच्या एका घरात पंधरा चिंचोके मावत नाहीत. म्हणून बेरजेची रांग छापायचीच नाही, तिथं चहाचे कागदी कप ठेवायचे. ३१ कप, क्रमांक उजवीकडून.